संसार मांडावा टप्प्याटप्प्याने

२०१३ सालच्या मे महिन्यात आमच्या हाती घराची चावी पडली आणि त्याच महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमचा नवा सोफा तिसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकला. लिफ्टमध्ये तो मावत नव्हता, म्हणून हमाल जिन्याने नेत होते. घर पाचव्या मजल्यावर. सोफा ना वर जाईना, ना खाली येईना. शेजारीपाजारी जमले, प्रत्येकाने एकेक सल्ला दिला. शेवटी त्याचा एका बाजूचा हात करवतीने कापून, वर नेऊन, पुन्हा खिळे मारून बसवावा लागला. हॉलमध्ये ठेवल्यावर कळले की आता घराचे दार पुरते उघडत नाही आणि रात्री पाच माणसांची अंथरुणे टाकायला जागा उरलेली नाही. आमची आई दारातच उभी होती. १९७२ च्या दुष्काळानंतर जालन्याकडून मुंबईत आलेली, मालाड पूर्वेच्या कुरार भागात पत्र्याच्या खोलीत सारी हयात काढलेली बाई. ती एवढेच म्हणाली, "बाबा, सामान तर आलं. आता माणसं कुठं ठेवतो?"

तो सोफा आम्ही 'बिनव्याजी' हप्त्यांवर घेतला होता. आठ महिन्यांनी तो निम्म्याहून कमी किमतीत विकला. हप्ते मात्र पुरते बारा महिने फेडले. आम्ही बी.कॉम. आहोत आणि कचेरीत दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब तपासतो, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. म्हणजे फसणे किती सोपे असते ते कळेल.

हे सारे आज सांगण्याचे कारण असे की, मालाडच्या पूर्वेला आणि पश्चिमेलाही आपल्यापैकी कित्येक कुटुंबे झोपडीतून इमारतीत गेली, जात आहेत. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण १९९५ साली स्थापन झाले तेव्हा घर २२५ चौरस फुटांचे मिळत असे. पुढे ते २६९ झाले. आमचे घर त्यातलेच. आता नव्या योजनांत ३०० चौरस फूट मिळतात. चावी मिळाली की पहिल्या महिन्यातच घर 'सजवण्याची' घाई होते. वंदना ठेवायची, खीर करायची, गावचे, सासरचे, माहेरचे पाहुणे येणार. मग रिकामे घर कसे दाखवायचे? ज्याला आयुष्यभर पाहुण्यापुढे धड खुर्ची ठेवता आली नाही, त्याला सोफा हवासा वाटणारच. त्याची टिंगल करण्याचा अधिकार कोणालाही नाही. आमचा वाद सोफ्याशी नाही, सोफा कधी आणावा याच्याशी आहे.

प्रथम त्या बिनव्याजी हप्त्याचा हिशेब पाहू. समजा वस्तूची किंमत ३६,००० रुपये. महिन्याला ३,००० प्रमाणे बारा हप्ते, व्याज शून्य. पण तुम्ही तीच वस्तू रोखीने मागितली तर दुकानदार ३३,००० ला देतो. शिवाय हप्त्यांच्या कागदपत्रांची फी म्हणून १,००० रुपये अगोदरच घेतले जातात. म्हणजे तुम्हाला खरे कर्ज मिळाले ३२,००० चे आणि फेडायचे आहेत ३६,०००. वरचे ४,००० हेच व्याज. तेही वर्षभर पूर्ण रकमेवर नव्हे, कारण मुद्दल दर महिन्याला कमी होत जाते. नीट मांडले तर हा दर वर्षाला २२ टक्क्यांच्या आसपास पडतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना स्पष्ट बजावले की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते, आणि अशा योजना बंद करायला लावल्या. आम्ही सोफा घेतला त्यानंतर चार महिन्यांनी! तरी नाव बदलून, 'सोपे हप्ते' म्हणून हा प्रकार आजही चालतो. दुकानात शिरताच पहिला प्रश्न रोखीच्या भावाचा विचारावा. हप्त्याचे बोलणे त्यानंतर.

आणखी एक गोष्ट नव्या इमारतीत गेल्यावरच कळते. झोपडीत देखभाल खर्च नव्हता. इमारतीत लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, साफसफाई या सर्वांचे पैसे दर महिन्याला सोसायटीला द्यावे लागतात. आमच्या ओळखीच्या दोन कुटुंबांनी कपाट, टीव्ही आणि पलंग असे तीन हप्ते लावून घेतले. सहा महिन्यांत सोसायटीचे पैसे थकले आणि नोटीस फलकावर नाव लागले. घर सजले आणि मान खाली गेली.

मालाडला याचा दुसरा मार्ग फार पूर्वी दिसून गेला आहे. १९८५ च्या सुमारास जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबई नागरी विकास प्रकल्प सुरू झाला. त्यात म्हाडाने चारकोप, गोराई आणि आपल्या मालवणीत लोकांना तयार घरे न देता सोयींसह छोटे भूखंड दिले. रस्ता, पाणी, गटार सरकारचे. घर ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे बांधायचे. कोणी आधी चार भिंती आणि पत्रा घातला, पुढे स्लॅब टाकला, मुलगा कमावता झाल्यावर वरचा मजला चढवला. ज्यांना तेव्हा हे घर अपुरे वाटले असेल, त्यांनी आज मालवणीत किंवा चारकोपमध्ये एक फेरी मारावी. हाच न्याय आम्ही घराच्या आतल्या मांडणीला लावतो: जे भिंतीच्या आत जाते ते आधी, जे भिंतीला टेकते ते नंतर, आणि जे मधोमध मिरवते ते सर्वांत शेवटी.

पहिला महिना घर रिकामे ठेवावे. चटई, अंथरुणे, गॅस, भांडी, पंखा आणि दिवा एवढ्यावर राहावे. त्या महिन्यात टेप आणि शाळेचा खडू ही दोनच हत्यारे लागतात. कपाट कुठे ठेवायचे मनात आहे, तिथे फरशीवर त्याच्या मापाचा चौकोन खडूने आखावा. पलंगाचा आखावा. दार उघडताना त्याची पाती जिथून फिरते ती कमानही आखावी. मग चार दिवस त्या चौकोनांवर पाय न ठेवता घरात वावरून पाहावे. आमच्या सहचारिणींनी ही युक्ती काढली आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही तीन चौकोन पुसले. त्याच वहीत लिफ्टच्या दाराची रुंदी, लिफ्टच्या आतली उंची, जिन्याच्या वळणाची रुंदी आणि घराच्या दाराचे माप लिहून ठेवावे. आमच्या वहीत हे पान २०१३ च्या जूनमध्ये आले, म्हणजे सोफ्यानंतर.

चौकोन आखताना एक जागा मात्र कोणत्याही परिस्थितीत मोकळी सोडावी, ती म्हणजे खिडकी. यावर आम्ही थोडे अधिक लिहिणार आहोत. पुनर्वसनाच्या इमारती एकमेकींना इतक्या खेटून असतात की खालच्या मजल्यांवर दुपारी बारालाही दिवा लावावा लागतो. गोवंडी-मानखुर्दकडच्या लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड यांसारख्या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांसह केला. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या इमारतींत ऊन आणि वारा पोहोचत नाही, तिथे क्षयरोगाचे प्रमाण जास्त असल्याचे त्यात दिसून आले. म्हणजे उजेड-वारा हा आपल्या घरांत शोभेचा नव्हे, फुप्फुसांचा प्रश्न आहे. आणि आपण काय करतो? खिडकीखाली भिंत सलग मिळते म्हणून नेमके तिथे सहा फुटी कपाट उभे करतो, अर्धी खिडकी झाकतो आणि उरलेल्या अर्धीवर जाड मखमली पडदा लावतो. आमच्या शेजारच्या इमारतीत एका मावशींचा खोकला महिनाभर जात नव्हता. दवाखान्यात तपासणी झाली, सहा महिने औषधे झाली, मावशी बऱ्या झाल्या. कपाटामुळे आजार झाला असे आम्ही म्हणत नाही; पण डॉक्टरांनी खोली हवेशीर ठेवायला सांगितल्यावर ते कपाट सरकवायला आम्ही चौघे गेलो, तेव्हा मागची भिंत काळ्या बुरशीने भरलेली होती. कपाट बाहेरच्या भिंतीपासून निदान दोन इंच पुढे ठेवावे. मुंबईच्या पावसाळ्यात भिंत घाम गाळते. तिला श्वास घ्यायला जागा हवी. खिडकीला पातळ सुती पडदा पुरतो. मालाड पश्चिमेला स्टेशनजवळ नटराज मार्केटच्या बाजूला कापडाची दुकाने आहेत. मोजून कापड घ्यावे आणि घरच्या मशीनवर शिवावे. तयार पडद्याच्या निम्म्यात काम होते.

आता भिंतीच्या आतले. विजेचे काम पहिल्याच टप्प्यात, फर्निचर येण्याआधी करून घ्यावे. फ्रिज, मिक्सर, टीव्ही, मुलांचा दिवा, मोबाईल यांची यादी करून तेवढे पॉइंट काढावेत. नाहीतर एका बोर्डवर तीन मल्टीप्लग लागतात आणि आगीला निमंत्रण मिळते. दिव्या-पंख्याला दीड चौरस मिलिमीटरची तार, मोठ्या सॉकेटला अडीचची, गीझरला चारची, असा साधारण हिशेब असतो. मुख्य बोर्डात ३० मिलिअँपियरचा गळती-रक्षक बसवावा. शॉक बसल्यास तो क्षणात वीज तोडतो. मुले आणि ओले हात एकाच घरात असतात, म्हणून या वस्तूत काटकसर नको. सामान लोहार चाळीत घाऊक भावात मिळते, पण काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. नव्या टॉवरमध्ये पुष्कळदा भिंती विटांच्या नसून सलग काँक्रीटच्या ओतलेल्या असतात. तिथे छिन्नी चालवू नये, कारण भिंत इमारतीचा भार उचलत असते. वरून प्लॅस्टिकच्या पट्टीतून तार न्यावी. दिसायला जरा कमी, पण इमारत शाबूत राहते. न्हाणीघराची फरशीही शक्यतो उखडू नये. खालच्या घरात गळती सुरू झाली की वर्षानुवर्षांचे शेजारी बोलेनासे होतात.

पंख्याबद्दल एक आकडा देतो. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज खातो, नव्या प्रकारचा वीजबचत पंखा ३० च्या आसपास. दिवसाला बारा तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिट वाचतात. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर तारांकन बंधनकारक झाले आहे, तेव्हा तारे पाहून घ्यावा. किंमत जास्त, पण दोनेक वर्षांत बिलातून वसूल होते. हा आमचा आवडता 'हप्ता', कारण तो आपल्याकडे येतो.

स्वयंपाकघरात सर्वांत जास्त पैसे ओट्याखालच्या ट्रॉल्यांवर उडतात. स्टीलच्या जाळीच्या ट्रॉल्या, बाहेरून चकचकीत दारे; दोन वर्षांत चाके गंजतात, दारांचे प्लायवूड फुगते. आम्ही ओट्याखाली कडाप्प्याचेच उभे-आडवे कप्पे करून घेतले. त्याला वाळवी लागत नाही, पाण्याने फुगत नाही, फडक्याने पुसला की झाले. पुढे पैसे जमले तेव्हा ॲल्युमिनियमच्या चौकटीची दारे बसवली. ओट्याची उंची मात्र घरात जी व्यक्ती जास्त वेळ स्वयंपाक करते तिच्या मापाने घ्यावी: कोपरापासून चार बोटे खाली. आमच्याकडे बिल्डरने सर्व घरांना एकच उंची दिली होती. आमच्या सहचारिणी ठेंगण्या. त्यांचे खांदे दुखू लागले. एक इंच जाडीची लाकडी फळी पायाखाली आली, खर्च दीडशे रुपये. (आम्हीही त्याच फळीवर उभे राहून भाकऱ्या थापायला शिकलो. आकार अजून जालना जिल्ह्याच्या नकाशासारखाच येतो.)

प्लायवूड घ्यावेच लागले तर दुकानदाराच्या तोंडाकडे न पाहता पाटावरचा शिक्का पाहावा. आयएस ३०३ म्हणजे सर्वसाधारण वापराचे, त्यातही ओलाव्याला अधिक टिकणारी जात वेगळी असते. आयएस ७१० म्हणजे पाण्यात टिकणारे मरीन. सर्व घराला मरीन नको, मोरीजवळ पुरे. भुसा दाबून केलेले स्वस्त बोर्ड मात्र मालाडच्या दमट हवेत दोन पावसाळे काढत नाही. आमच्या मुलाचे पहिले टेबल तसे होते. तिसऱ्या जुलैत त्याचा पाय केकसारखा चुरला.

यापेक्षा जुने लाकूड बरे. मालाडहून गोरेगाव सोडले की पुढचे स्टेशन राम मंदिर. तिथून जवळच ओशिवऱ्याचा जुन्या फर्निचरचा बाजार आहे. पाडलेल्या जुन्या घरांचे आणि बंद पडलेल्या कचेऱ्यांचे सामान तिथे येते. सिनेमावाले आणि श्रीमंत लोक तिथे पुराण्या वस्तू शोधायला जातात, त्यामुळे नक्षीच्या खुर्च्यांचे भाव ऐकून घाबरू नये. आपल्याला हवे ते मागच्या बाजूला असते: साधी टेबले, लोखंडी कपाटे, सागाची बाके. दुपारी उजेडात जावे. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून मागची आणि खालची बाजू पाहावी, कारण रंग पुढच्याच बाजूला दिलेला असतो. लाकूड बोटाने ठोकावे. पोकळ आवाज आला किंवा खाली पिठासारखी भुकटी दिसली की वाळवी अथवा भुंगा समजावा. सांध्यांत काळे ठिपके म्हणजे ढेकूण. वस्तू पसंत पडली तरी घरात नेण्याआधी गच्चीवर दोन दिवस कडक उन्हात ठेवावी आणि सांध्यांत उकळते पाणी ओतावे. टेम्पोचे भाडे आधी ठरवावे, हमाली त्यात आहे की नाही ते विचारावे. आमचे सागाचे बाक तिथलेच. बसायचे तेच, झाकण उचलले की आत पाच जणांची पांघरुणे. सोफ्याच्या एका हप्त्यात आले.

झोपण्याची सोय म्हणून लोखंडी दिवाण फॅब्रिकेटरकडून करून घ्यावा, अडीच फूट रुंद, खाली पेट्या सरकतील इतका उंच. गादी कापसाची, दबली की पिंजाऱ्याकडून पुन्हा भरून घेता येते. माळा दारावर किंवा मोरीवर काढावा. छत नऊ फुटांवर असेल तर सात फुटांवर माळा काढून दोन फूट मिळतात, आणि त्यात वर्षातून एकदा लागणारे सर्व बसते.

रंगाच्या वेळी कंत्राटदार 'घराच्या साडेतीनपट' असे माप सांगतात. २६९ चे झाले ९४१ चौरस फूट. आम्ही टेप घेऊन भिंती मोजल्या, दारे, खिडकी आणि ओट्यामागच्या टाइल्स वजा केल्या, ८२० भरले. त्याने वाद घातला नाही, नुसता हसला. छत पांढरे, भिंती फिकट. एका भिंतीला गडद रंग देण्याची फॅशन आमच्या अंधाऱ्या घरांना परवडत नाही.

शोभेचे म्हणाल तर आमच्या दर्शनी भिंतीवर बाबासाहेब आणि तथागत यांच्या तसबिरी आहेत, आणि समोरच्या भिंतीवर आईची गोधडी. जुन्या साड्यांचे चौकोन जोडून, वर धावदोऱ्याच्या ओळी घालून तिने ती शिवली. नव्या घरात आल्यावर ती माळ्यावर टाकावी असे आम्हालाच वाटले होते. झोपडीची आठवण नको म्हणून. आमच्या मुलीने ती धुऊन, वर दांडी घालून भिंतीवर लावली. तशाच गोधड्या मोठ्या दुकानांत किती किमतीला विकतात ते पाहून आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मंग मी आतापस्तोर किती हजाराच्या पांघरून निजले गं?"

तसबिरींखाली पुस्तकांची फळी आणि फळीखाली भिंतीला बिजागरीने लावलेले घडीचे टेबल. तीन फूट बाय दीड फूट. उघडले की अभ्यास, मिटले की अंथरुणाला जागा. दादरच्या राजगृहात जाण्याआधी बाबासाहेबांचे बिऱ्हाड कित्येक वर्षे परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांत होते. कुटुंब, येणारे-जाणारे आणि पुस्तके सगळे तिथेच. तेव्हा अभ्यासाला जागा नाही ही सबब आमच्या घरात चालत नाही. खडूचे चौकोन आखताना या टेबलाचा चौकोन आम्ही कपाटाच्या आधी आखला होता. रात्री आठ ते दहा टीव्ही बंद, कारण टीव्ही आणि टेबल यांत पाच फुटांचेच अंतर आहे. त्यावरून भांडणेही होतात, लपवण्यात अर्थ नाही.

आमच्या घराला आज जे रूप आहे त्याला सात वर्षे लागली. पहिल्या वर्षी वीज आणि ओटा. दुसऱ्या वर्षी, सोफ्याचे हप्ते संपल्यावर, माळा आणि टेबल. मग बाक, दिवाण, कपाट. रंग सर्वांत शेवटी, २०२० च्या जानेवारीत. कर्ज शून्य. सोफा अजून नाही आणि आता कोणी मागतही नाही.

गेल्या रविवारी आमच्याच भागात, नव्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर घर मिळालेल्या एका ताईंकडे टेप घेऊन गेलो होतो. घर ३०० फुटांचे, हॉल रिकामा, मधोमध नवऱ्याने आणलेले दुकानाचे पत्रक. आम्ही काही बोलण्याआधीच ताईंनी विचारले, "दादा, आधी लिफ्टचं दार मोजायचं ना?" दार भरले साडेएकतीस इंच. पत्रकातले कपाट छत्तीसचे होते. ताईंनी पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर माप लिहून घेतले आणि खडू मागितला.